पत्रिकेवर दोनदा आलेलं नाव

पर्समधून एक पत्रिका काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवली. "ताई, हे आधी वाचा. मग सांगा, आमचं कुठं चुकलं ते."

आमच्या ग्वाल्हेरात अशा पत्रिका हिंदीतच छापतात. वर तिरंगा, मध्ये गणवेशातल्या तरुणाचा फोटो, खाली 'शहीद' आणि नाव. सतरावी पुण्यतिथी, जुलै २०१६. मग कार्यक्रम: माल्यार्पण, पार्षदांचं भाषण, शाळेतल्या मुलींचं देशभक्तिगीत. शेवटून दुसऱ्या ओळीत 'सलामी', आणि त्यापुढे पुन्हा तेच नाव. मला वाटलं, छापखान्याची चूक.

"चूक नाही," त्या म्हणाल्या. "हा माझा मुलगा. दिरांचंच नाव ठेवलंय त्याला."

मुलगा सोळा वर्षांचा. चार वर्षांचा असल्यापासून दर वर्षी छोटा गणवेश घालून तो चौकातल्या अर्धपुतळ्यापुढे सलामी देत आला होता. या वर्षी जेवता जेवता त्यानं सांगून टाकलं, मी येणार नाही. आजोबांनी त्याला कृतघ्न म्हटलं, आजी ताटावरून उठून आत गेल्या, आणि आठ दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नव्हतं. "ज्या काकामुळे मोहल्ला आपल्याला मान देतो, त्याच्यासाठी वर्षातून दोन तास देता येत नाहीत? आमचे संस्कार कमी पडले का हो?"

हा प्रश्न घेऊन येणारे आईबाप मला समुपदेशनाच्या कामात पुष्कळ भेटतात. गेलेलं माणूस कुठे आजोबा असतात, कुठे अपघातात गेलेली मोठी बहीण. वर्षश्राद्धाच्या दिवशी मूल मित्राकडे निघून जातं, फोटोला हार घालत नाही, आणि घर हादरतं. सैनिकाच्या घरात तर सगळी वस्ती बघत असते, त्यामुळे तिथे हे फार जड होऊन बसतं. म्हणून ही हकिगत लिहिते आहे. कुटुंबाची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

गेलेला मुलगा आजी-आजोबांचा धाकटा, चोवीस वर्षांचा, लग्न व्हायचं होतं. १९९९ च्या जुलैच्या पहिल्या आठवड्यात तो द्रासच्या बाजूला पडला. कारगिलच्या लढाईत आपले ५२७ जवान गेले, त्यांतला एक. १९७१ पर्यंतच्या लढायांत बहुतेक जवानांवर आघाडीजवळच अंत्यसंस्कार होत. घरी तार यायची आणि मागाहून सामानाची ट्रंक. कारगिलच्या वेळी मात्र तिरंग्यात गुंडाळलेल्या पेट्या गावोगाव पोचल्या आणि देशानं ते टीव्हीवर पाहिलं. त्यांच्या गल्लीत पेटी आली तेव्हा माणसं गच्च्यांवर उभी होती. 'जब तक सूरज चाँद रहेगा' चालू होतं. आईनं पेटीवर हात ठेवला, तेव्हा मागून कुणी बाई कानाशी म्हणाल्या, "तुम्ही वीरमाता आहात. रडायचं नाही." त्या रडल्या नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात थोरल्याला मुलगा झाला. बारशाला नावाची चर्चाच झाली नाही.

मुलगा माझ्याकडे आला तेव्हा मी कार्यक्रमाचा विषय काढला नाही. "काका कसे होते?" एवढंच विचारलं. त्यानं जन्मतारीख, भरतीचं वर्ष, चौकीचं नाव, सगळं एका दमात सांगितलं. पुतळ्याखालच्या फरशीवर जे कोरलंय ते त्याला तोंडपाठ होतं.

"आणि जेवायला काय आवडायचं त्यांना?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "ते कुणी सांगितलं नाही."

बराच वेळ गेला. मग म्हणाला, "काकू, सच सांगू? तिथे सगळे 'अमर रहे' ओरडतात ना, ते नाव माझं आहे. मी पुढे उभा असतो आणि इतके लोक माझं नाव घेऊन... रात्री झोपताना ऐकू येतं मला." आणि थोड्या वेळानं, "आजी दर वाढदिवसाला दारापाशी उभं करते. काकाची खूण आहे तिथे. मी अजून तीन इंच कमी आहे."

मूल कृतघ्न आहे का, या प्रश्नाचं माझं उत्तर तिथेच ठरलं. कृतज्ञ व्हायला माणूस ठाऊक असावा लागतो. या मुलाला काका कधी कुणी दिलाच नव्हता. काकाची जागा मात्र जन्मतःच दिली होती. त्यानं नकार दिला तो त्या जागेला.

पण पुढच्या भेटीत माझ्याकडून घाई झाली. आजोबाही आले होते. मी सगळ्यांसमोर सांगितलं की यंदा मुलाला सलामीतून मोकळं करा. आजोबा काठी घेऊन उठले आणि निघून गेले. त्यांच्या दुःखाबद्दल एक शब्दही न विचारता मी त्यांच्या श्रद्धेवर हात ठेवला होता. पुढचे तीन आठवडे कुणी आलं नाही, आणि तो दोष माझा होता.

मधल्या काळात पुण्यतिथी होऊन गेली. मुलगा गेला नाही. पत्रिका आधीच वाटून झाल्या होत्या, त्यामुळे निवेदकानं ठरल्याप्रमाणे माईकवर सलामीसाठी नाव पुकारलं. एकदा, दोनदा, तीनदा. कुणीच पुढे आलं नाही. मग त्यानं राष्ट्रगीत सुरू केलं.

चार दिवसांनी सुनेचा फोन आला: सासूबाई तुम्हाला घरी बोलवतायत.

आजी मागच्या खोलीत खाटेवर बसल्या होत्या. खाटेखाली काळी पत्र्याची ट्रंक, पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर. त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं आणि म्हणाल्या, "बाई, त्या दिवशी माईकवर त्याचं नाव पुकारलं. मी मागे वळून पाहिलं. कुणी आलं नाही. सतरा वर्षांत पहिल्यांदा वाटलं, तो खरंच नाहीये." आणि त्या रडायला लागल्या. मी घड्याळ पाहिलं नाही. सून दाराशी उभी होती, तिलाही मी खुणेनं थांबवलं. पुष्कळ वेळानं डोळे पुसून त्यांनी विचारलं, "एक विचारू? घात चतुर्दशी केली तर चालेल का हो त्याची?"

पितृपक्षात सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी येणारी ही तिथी. शस्त्रानं किंवा अपघातानं गेलेल्यांचं श्राद्ध त्या दिवशी करतात. पंचांगात 'शस्त्रादिहत पितृश्राद्ध' असं लिहिलेलं असतं. म्हणजे लढाईत पडलेल्या माणसासाठी आपल्या रीतीभातीत एक दिवस वेगळा राखून ठेवलेला आहे. आजींना तो पहिल्याच वर्षी करायचा होता. आजोबा म्हणाले होते, हुतात्म्याचं श्राद्ध कसलं, तो अमर आहे. तेव्हापासून दर भाद्रपदात त्या गप्प बसत. चौकात गौरव दर वर्षी झाला, आणि घरात शोक करायचा राहूनच गेला. माझ्या मते त्या मुलाच्या अंगावर येऊन पडलेलं ओझं हेच होतं.

आजोबा आपणहून आले ऑगस्टमध्ये. एजी ऑफिसातून, म्हणजे महालेखापालांच्या कार्यालयातून, निवृत्त झालेले, पाठ ताठ, बोलणं मोजकं. "आमचं घराणं शिंद्यांच्या फौजेबरोबर इथे आलं," त्यांनी सुरुवात केली. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहणाऱ्या मराठी घरांत हे वाक्य मी कितीदा तरी ऐकलंय. दौलतराव शिंद्यांची छावणी पडली तिथेच तर ही वस्ती वाढली. "दत्ताजी बुराडी घाटावर पडले. वर्षभरात पानिपत झालं. तेव्हा काय बायामाणसं रडत बसली होती?"

"बसलीच असतील," मी म्हटलं. "बखरीत लिहिलं नाही एवढंच."

ते काही बोलले नाहीत. मग मी त्यांना वीरगळाबद्दल विचारलं. महाराष्ट्रात गावोगावी देवळाशेजारी हे दगड उभे दिसतात. खाली लढणारा आणि पडलेला वीर, त्यावर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, सगळ्यांत वर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर. इतका विचार करून घडवलेला दगड, पण मागे राहिलेल्या आईबापांसाठी त्यात चौकट नाही. मला ते नेहमी खुपतं, आणि तसं मी त्यांना सांगितलं.

आजोबा म्हणाले, "पेटी उघडू दिली नव्हती आम्हाला. कागदावर सही मी केली. चेहरा पाहिलाच नाही."

मी पुढचं काही बोलले नाही.

चेहरा न पाहता निरोप द्यावा लागला की मनाचं एक दार उघडं राहतं. पॉलीन बॉस या अमेरिकी अभ्यासक १९७० च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या घरच्यांबरोबर काम करत होत्या. माणूस गेला की आहे हेच नक्की नसेल तर शोक जागच्या जागी गोठतो, हे त्यांनी तिथे पाहिलं. आमच्या आजोबांना बातमी नक्की होती, कागद होता, पदक होतं. तरी ते दार उघडंच होतं, आणि इतकी वर्षं त्यातून आत यायला त्यांनी नातवाला उभं केलं होतं. त्यांना हे कळलं तेव्हा मी समजावून सांगण्याची गरज उरली नव्हती.

आता थोरला भाऊ, म्हणजे मुलाचे वडील. ते प्रत्येक भेटीला येत आणि कोपऱ्यात बसत. मी घरच्यांना सांगितलं होतं की काकाची अशी एखादी गोष्ट आणा जी कुठल्याच भाषणात आलेली नाही. वडिलांनी विम्याच्या फायलीतून एक अंतर्देशीय पत्र काढून आणलं. ५६ एपीओचा, म्हणजे लष्करी टपालाचा पत्ता, जून १९९९. आजवर ते कुणालाच दाखवलेलं नव्हतं. त्यात धाकट्यानं लिहिलं होतं की रात्री चढताना पाय लटपटतात, बाबांना सांगू नकोस. आईला म्हणावं दाण्याची चटणी पाठव, इथे सगळं एकाच चवीचं लागतं. "हे बाहेर गेलं असतं तर लोक त्याला भित्रा म्हणाले असते," वडील म्हणाले.

मुलानं पत्र दोनदा वाचलं. मी त्याच्याकडून काही मोठ्या वाक्याची अपेक्षा करत असेन, तर तसं झालं नाही. तो एकदम हसला. "पप्पा, काकानं सगळीकडे ळ च्या जागी ल लिहिलाय. डोले, काले, सगलं. मी पण असंच लिहितो!" हिंदी शाळेत शिकलेल्या आमच्या ग्वाल्हेरच्या मुलांचं हे नेहमीचंच. वडील तोंड फिरवून रडत होते आणि मुलगा अजून कुठे ल सापडतो ते शोधत होता. पुतण्याची काकाशी पहिली ओळख झाली ती अशी.

त्या सप्टेंबरात १८ तारखेला उरीला हल्ला झाला आणि टीव्हीवर पुन्हा पेट्या दिसू लागल्या. आजींनी त्या पाहिल्या आणि रडल्या. कुणी अडवलं नाही. २९ तारखेला घात चतुर्दशी होती. वडिलांनी भावाचं श्राद्ध केलं. दुपारी सर्जिकल स्ट्राइकची बातमी आली, शेजारून फटाके ऐकू आले, कुणीतरी टीव्हीचा आवाज वाढवला. आजोबांनी उठून तो बंद केला, कारण पान वाढायचं होतं. पानावर दाण्याची चटणी होती आणि ती मुलानं कुटली होती.

आजी आजारी होत्या का, असं सून मला नंतर विचारत होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या आजारसूचीत, जी २०२२ पासून लागू आहे, लांबलेल्या शोकाला वेगळं नाव दिलेलं आहे: सहा महिन्यांहून जास्त काळ ओढ आणि वेदना तितकीच तीव्र राहिली, आणि तीही आपल्या समाजात एरवी दिसते त्याहून फार जास्त, नि त्यापायी रोजचं जगणं मोडलं, तर ती मदत घेण्याची अवस्था समजतात. जेवणखाण सुटलं असेल, झोप गेली असेल, जगण्यात अर्थ नाही अशी भाषा येत असेल, तर पुण्यतिथीचे वाद बाजूला ठेवून आधी मनोविकारतज्ज्ञांकडे जा. आजी तशा नव्हत्या. त्यांना फक्त रडायची परवानगी कुणी दिली नव्हती.

ज्यांच्या घरी आज असं मूल रुसून बसलंय, त्यांना मी एवढंच सुचवीन की हार घालायला लावण्याआधी त्याला ते माणूस द्या. ते कशाला हसायचं, कशाला घाबरायचं, कुणाचे पैसे बुडवून सिनेमाला गेलं होतं, हे सांगा. दोष लपवू नका. मुलं पुतळ्याशी नातं जोडू शकत नाहीत. सोहळ्यात कुठे बसायचं, काय करायचं, की काहीच करायचं नाही, हे त्याला ठरवू द्या. आणि गेलेल्याचं नाव मुलाला दिलं असेल तर घरात हाक मारायला त्याचं स्वतःचं एखादं नाव असू द्या.

या घरात ते पत्रिकेतल्या जन्मनावावर आले, म्हणजे कुंडलीतल्या पत्रिकेतल्या. मुलानंच काढून आणलं ते. पुढच्या जुलैत तो चौकात आला, साध्या शर्टात, आजीच्या शेजारच्या खुर्चीवर. सलामी शाळेतल्या एका एनसीसीच्या मुलीनं दिली. दारावरची खूण तशीच आहे. मुलगा आता तिच्यावर चांगला दोन बोटं गेलाय आणि आजी त्याला तिथे उभं करत नाहीत.

हाक मारताना मात्र त्या अजून चुकतात. जुनंच नाव तोंडात येतं, मग स्वतःच थबकतात. तेव्हा तो आतून "आलो आजी" म्हणतो.