वाघबीळ, कोल्हे काकू आणि घोरपडे

प्रिय चिऊ,

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, ठाण्यात सगळे प्राणीच कसे गं? बसवर वाघबीळ, गायमुख, घोडबंदर, आणि आजीच्या शेजारी कोल्हे काकू. त्यांना कुणी चिडवत नाही का?" फोनवर घाईत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहिते.

नाही चिडवत. वाघ, कोल्हे, लांडगे, गरुड, ससाणे ही आडनावं आपल्याकडे शाळेच्या हजेरीत रोज येतात. तुला इथे मेलबर्नमध्ये ती कधी भेटली नाहीत, म्हणून नवल वाटतं. ही नावं पडली तेव्हा घरामागे गोठा होता आणि गोठ्यामागे रान. वाघबिळाच्या वरच्या अंगाला येऊरचे डोंगर आहेत, तिथे आजही बिबटे आहेत. त्या बाजूचे आदिवासी वाघाला देव मानतात, वाघोबा म्हणतात. घोडबंदरची गोष्ट वेगळी. तिथे खाडीतून अरबी घोडे उतरायचे, असं सांगतात.

मला सगळ्यात आवडतं ते घोरपडे. हे घराणं मूळचं भोसल्यांचंच. बहामनी काळात त्यांच्या पूर्वजांनी घोरपडीच्या मदतीने अवघड किल्ल्याचा कडा चढून किल्ला घेतला, त्यावरून हे नाव मिळालं, अशी परंपरा आहे. घोरपड कपारीत नखं रुतवून अशी बसते की ओढून निघत नाही. राजाराम महाराजांचे सेनापती संताजी घोरपडे याच घराण्यातले. ज्यांच्या नावाने मुघल फौजेला धडकी भरायची, त्यांच्या आडनावात पाल-सरड्याच्या जातीचा प्राणी आहे, आणि त्याचा त्यांना अभिमान होता!

पण दिसेल तिथे प्राणी शोधू नकोस. मांजरेकरांच्या नावात मांजर नाही, मांजरे गाव आहे. कोल्हापूरचाही कोल्ह्याशी संबंध नाही; देवीने कोल्हासुराला मारलं, त्याच्यावरून ते नाव, अशी कथा आहे.

गाढवे, डुकरे अशी आडनावं असलेल्या मुलांना मात्र कधीकधी हसतात, हे खरं. काही जण कंटाळून राजपत्रात छापून आडनाव बदलूनही घेतात. मला याचं फार वाईट वाटतं. कुंभाराची माती वर्षानुवर्षं गाढवाने वाहिली, मग त्याचं नाव लावायला लाज कसली? तुझ्यासमोर कुणी असं हसलं, तर तू हसू नकोस. तुलाही आम्ही चिऊच म्हणतो की.

आता एक काम. आजीबरोबर राणीच्या बागेत जाऊन ये. तिथे भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात एक दगडी हत्ती आहे. तो मूळचा घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगिजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ मध्ये त्याला विलायतेला न्यायला निघाले, तेव्हा उचलताना तो पडून फुटला. ते तुकडे पुढे जोडले. सांधे दिसतात का, नीट बघ. फोर्टातल्या काळ्या घोड्याचा मूळ पुतळाही तिथेच आहे, वर सातवा एडवर्ड राजा बसलेला. तो १९६५ मध्ये चौकातून हलवला, तरी लोक चौकाला काळा घोडाच म्हणत राहिले.

बुधवारी जाऊ नका, बंद असतं. भायखळ्याला उतरल्यावर आजीला चालायला लावू नकोस, टॅक्सी करा. तिकडे रिक्षा मिळत नाही.

तुझी,
आई