गाय आडवी आली, दोष मात्र स्प्रिंगला?

प्रश्न (फोंड्याहून एका वाचकाचा, थोडक्यात): मी चालवतो ती हॅचबॅक वडिलांच्या नावावर आहे. गेल्या वर्षी तिला उंची आणि डॅम्पिंग (उसळी दाबण्याचा जोर) कमीजास्त करता येणारे कॉइलओव्हर, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरची जोडी, बसवले, एक लाख ४० हजार खर्च आला. रोजच्या रस्त्याला आणि ट्रॅकला, दोन्हीकडे चालतील म्हणून घेतले. वर्कशॉपवाला म्हणाला, "आरटीओ अप्रूव्हड आहे, बिनधास्त वापरा." जानेवारीत कोइम्बतूरला ट्रॅक डेला (आपली गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर चालवायच्या दिवशी) गाडी नेली होती. जुलैत रात्री भर पावसात कुंडईजवळ गाय आडवी आली. तिला चुकवताना गाडी रस्त्याकडेच्या कठड्यावर गेली. कोणाला लागलं नाही. दुरुस्तीचा अंदाज दोन लाख ३० हजार. विमा कंपनीने 'अनधिकृत बदल' एवढंच लिहून क्लेम नाकारला. मित्र म्हणतात, जुनं सस्पेन्शन परत बसव आणि मग भांड. काय करू?

उत्तर:

मित्रांचं अजिबात ऐकू नका. विमा कंपनीच्या सर्वेअरने (नुकसान तपासणाऱ्याने) फोटो काढून ठेवलेले आहेत. आता जुने स्प्रिंग चढवलेत तर तुमच्या बाजूचा सगळ्यात चांगला पुरावा तुमच्याच हाताने जाईल आणि पुरावा नष्ट केल्याचा आरोप वर येईल. गाडी आहे तशी शेडमध्ये उभी ठेवा. वर्कशॉपमधला पोरगासुद्धा तिला पाना लावणार नाही, हे बघा.

आता कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. याच कलमाच्या स्पष्टीकरणात 'बदल' म्हणजे काय तेही दिलंय: गाडीच्या रचनेत असा फेरफार, की ज्यामुळे तिचं मूळ वैशिष्ट्य बदलतं. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या जयचंद्र प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडक लावला. तेव्हापासून मॉडिफिकेशनचं नाव काढलं की प्रत्येक जण तो निकाल तोंडावर फेकतो. पण न्यायालयाचा भर होता तो प्रमाणपत्रातल्या, उत्पादकाच्या तपशिलानुसार केलेल्या नोंदींवर. तुमचं आरसी कार्ड काढून वाचा. इंजिन, इंधन, रंग, बॉडीचा प्रकार, आसनं, वजन, व्हीलबेस. स्प्रिंगचा ताठरपणा किंवा डॅम्परचे क्लिक (तो कडक-सैल करायचे टप्पे) त्यात कुठे सापडतात का? म्हणजे तुमच्यासाठी युक्तिवाद आहे, आणि तो बरा आहे. पण युक्तिवाद म्हणजे परवानगी नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ (४) खाली बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि ते कलम 'मालका'वर आहे. चलन आलं तर ते तुमच्या वडिलांच्या नावाने येईल. आलंच, तर मला विचारल्याशिवाय भरून मोकळे होऊ नका. भरलेल्या चलनाची पावती विमा कंपनी कबुलीजबाब म्हणून पुढे करील.

तरीही माझं मत सांगतो: कॉइलओव्हर कायदेशीर की बेकायदेशीर, हा वाद विमा कंपनीशी घालत बसू नका. त्यांना तेच हवंय. तुमचा प्रश्न वेगळा आहे: अपघात कशाने झाला? गायीने आणि ओल्या रस्त्याने, की सस्पेन्शनने? ज्या बदलाचा नुकसानीशी संबंध नाही त्याच्या आडून अख्खा क्लेम नाकारणं न्यायालयांना रुचत नाही. नॅशनल इन्शुरन्सविरुद्धच्या २००८ च्या खंडेलवाल निकालात खासगी म्हणून विमा उतरवलेली गाडी भाड्याने चालवली जात होती आणि ती चोरट्यांनी पळवली. पॉलिसीची अट मोडली होती, यात शंका नव्हती. तरी चोरीचा त्या अटीशी संबंध नाही म्हणून ७५ टक्के रक्कम देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवला. याला 'नॉन-स्टँडर्ड' तडजोड म्हणतात. तुमच्या प्रकरणात मी पूर्ण रकमेची मागणी करीन, पण मनात हा आकडा धरून.

हे सगळं टिकेल ते गाडी काय बोलते त्यावर. मी वकील, मेस्त्री नव्हे, पण अशा दोन प्रकरणांत मेस्त्रींच्या शेजारी उकिडवा बसून बरंच शिकलोय. पुढचा स्ट्रट (चाकावरचा कॉइलओव्हरचा उभा खांब) बघा: आटे असलेल्या नळीवरची लॉक रिंग घट्ट आहे की सैल? टॉप माउंट (त्याची वरची बैठक) फाटलाय का? रॉड वाकलाय तो धडकेने, की आधीपासून तेल गळत होतं? चाकाच्या कमानीच्या आत टायर घासल्याच्या जुन्या खुणा आहेत का? कमानीपासून चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा आणि तशाच कंपनी फिटिंगच्या गाडीशी ताडून पाहा. कॉइलओव्हर बसवल्यानंतर व्हील अलाइनमेंट केलं असेल तर त्याचा छापील कागद शोधा. तो कागद मी सोन्याच्या भावाने घेईन. हे सगळं परवानाधारक स्वतंत्र सर्वेअरकडून लिहून घ्या. त्याची फी जाईल, जाऊ दे.

एक अवघड प्रश्न मलाच विचारू द्या, कारण समोरचा वकील तो विचारणारच. ट्रॅकवरून आल्यावर डॅम्पिंग सैल केलं होतं का? ट्रॅकच्या गुळगुळीत डांबरासाठी कडक केलेले क्लिक जुलैतल्या आपल्या ठिगळांच्या रस्त्यावर तसेच राहिले, तर चाक उसळतं आणि ओल्यात पकड सुटते. तसं असेल, किंवा गाडी टायर घासेपर्यंत खाली बसवली असेल, तर माझा सल्ला बदलेल: मिळेल त्या तडजोडीला हो म्हणा. खोटं मात्र सांगू नका. क्लिक मोजता येतात.

ट्रॅक डेची तुम्हाला वाटते तेवढी भीती नाही. खासगी कारच्या पॉलिसीत 'संघटित शर्यत, वेगचाचणी' अशा वापराला संरक्षण नसतं, पण ते त्या वापराच्या वेळेपुरतं. जानेवारीत कोइम्बतूरला काही मोडलं असतं तर एक पै मिळाली नसती. जुलैत कुंडईला तुम्ही घरी चालला होता. इन्स्टाग्रामवरचे ट्रॅकचे व्हिडिओ घाईघाईने पुसू नका, तेही स्प्रिंग बदलण्यासारखंच दिसतं. (चोरला घाटात रात्री मित्रांसोबत वेळ लावून पळवण्याला मात्र ट्रॅक डे म्हणत नाहीत. सार्वजनिक रस्त्यावरची शर्यत कलम १८९ खाली पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत आत नेऊ शकते.)

आता कागद. पहिलं पत्र विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला: सर्वे रिपोर्टची प्रत द्या आणि पॉलिसीच्या कुठल्या अटीखाली क्लेम नाकारला ते लिहून द्या. 'अनधिकृत बदल' हे कारण झालं, अट नव्हे. महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपाल, म्हणजे अशा तक्रारींचा निवाडा करणारा अधिकारी. गोवा पुण्याच्या लोकपालाखाली येतो. फी नाही, नकारापासून एक वर्षाची मुदत, आणि तिथे आम्हा वकिलांना उभं राहू देत नाहीत, म्हणजे माझाही खर्च वाचला. दुसरा रस्ता जिल्हा ग्राहक आयोगाचा, तिथे मुदत दोन वर्षं. कंपनीविरुद्ध दोन्हीकडे एकाच वेळी जाता येत नाही. तुमच्या प्रकरणात मी आधी लोकपाल निवडीन.

वर्कशॉपचा हिशेब वेगळा. सीएनजी किटला मान्यतेचा कागद असतो, आरसीवर नोंद होते. तसा कागद तुमच्या कॉइलओव्हरचा दाखवा, असं त्यांना लेखी विचारा. बिलावर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर 'आरटीओ अप्रूव्हड' हे शब्द असतील तर ग्राहक आयोगात अनुचित व्यापारी प्रथेची तक्रार उभी राहते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही. हे नुसतं तोंडी बोलणं असेल तर कठीण आहे. ही तक्रार तुमच्या नावाने करा, पैसे तुम्ही दिले होते.

कॉइलओव्हरची स्वतःची किंमत क्लेममधून वगळा. कंपनीला न कळवता बसवलेल्या जास्तीच्या सामानाची भरपाई मिळत नाही, आणि ती मागितलीत तर बाकीच्या मागणीचीही धार जाते.

कंपनीची पॉलिसी, लोकपालाचा अर्ज, सर्वे रिपोर्टची मागणी, सगळं वडिलांच्या नावाने जाईल. त्यांच्या गाडीखाली एक लाख ४० हजारांचं काय बसलंय हे त्यांना अजून माहीत नसेल, तर आज जेवणाआधी सांगून टाका. पहिल्याच पत्रावर सही त्यांची लागणार आहे.