खडी फोडलेले हात

पत्र, थोडक्यात: ताई, गेल्या मार्गशीर्षात आमची मोठी आई गेली. औसा तालुक्यातलं आमचं गाव. पाच लेकरं, एकवीस नातवंडं, वर पतवंडं. जो भेटायला आला तो म्हणाला, "सोनं झालं, रडायचं काय त्यात?" म्हणून मी रडलेच नाही, आणि आता वर्षश्राद्ध तोंडावर आलं तर डाळ निवडतानाही डोळे भरतात. त्या दिवशी भावकीत वाटायला मी तिच्यावर छोटी पुस्तिका करतेय. बहात्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची, हे लिहू नको असं काका म्हणतात. आता घराला शोभत नाही म्हणे. ती मात्र येईल त्याला अंगठ्याचं वाकडं नख दाखवायची. तिचं वयही कुणाला नक्की माहीत नाही, कुणी ८८ म्हणतं, कुणी ९५. आणि एक गोष्ट तिनं दिवा मालवल्यावर फक्त मला सांगितली होती. ती लिहू का? (एक नात, लातूर)

पोरी,

आधी रडून घे. पिकलं पान गळालं की आपल्याकडे "सोनं झालं" म्हणतात, आणि मनापासून म्हणतात. पण ते बोलणं गेलेल्या जिवाच्या वाट्याचं. मागं राहिलेल्याचं काय? माणूस जितकी जास्त वर्षं घरात वावरलं, तितक्या जास्त जागी ते आठवतं. सूप हातात घेतलं की ती, चुलीपुढं बसलं की ती. नव्वदीतलं माणूस गेलं म्हणून दुःख कमी व्हावं, हा हिशेबच मला कधी पटला नाही.

आता खडी. ती लिही, आणि पहिल्या पानावर लिही. १९७२ साली मराठवाड्यात किती चांगल्या घरच्या बाया दुष्काळी कामावर बसल्या होत्या! चिंध्या गुंडाळलेल्या हातांनी दिवसभर खडी फोडायची, लेकरांना सुकडी मिळायची, आणि घरी यायचं ते बाहेरदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी थापायला. त्याच कामांतून रोजगार हमीला बळ आलं, १९७७ मध्ये राज्यानं त्याचा कायदा केला आणि २००५ साली देशानंही तसा कायदा आणला. तुमच्या तालुक्यातल्या कितीतरी रस्त्यांखाली अशाच बायांच्या हातची खडी असेल. यात खाली मान घालण्यासारखं काय आहे?

तरी काकांशी भांडू नकोस. मला वाटतं, त्यांना तिच्या कामाची लाज नसावी. तेव्हा ते सात-आठ वर्षांचे असतील. भर उन्हात आईला दगडापुढं बसलेलं पाहिलेलं लेकरू साठीला आलं तरी ते चित्र कुणाला दाखवायला धजत नाही. एखाद्या संध्याकाळी एकटे असताना त्यांना एवढंच विचार, "काका, मोठी आई कामावर असायची तेव्हा तुम्ही कुठं असायचात?" मग गप्प बस. ते बोलतील. तुझ्या पुस्तिकेतलं सगळ्यात खरं पान कदाचित त्यांच्याच तोंडून येईल.

वयाचं म्हणशील तर आधार कार्डावरची १ जानेवारी सोडून दे. त्या पिढीतल्या हजारो जणी कागदोपत्री १ जानेवारीलाच जन्मल्या आहेत. तिची तारीख तिच्या बोलण्यातच आहे. तू पुढं लिहिलंयस की रझाकारांच्या भीतीनं तिच्या वडलांनी घरच्यांना बैलगाडीत घालून कळंबकडून बार्शीला नेलं, आणि "तवा मला न्हाण आलं नव्हतं" असं ती सांगायची. बार्शी निजामाच्या हद्दीबाहेर, म्हणून लोक तिकडं पळत. निजामाविरुद्ध भारतीय फौजेची पोलीस अ‍ॅक्शन झाली १३ ते १७ सप्टेंबर १९४८ ला. तेव्हा ती अकरा-बारा वर्षांची धर, म्हणजे जन्म १९३६-३७ चा. तसंच बाकीचं जुळव. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा, गणपती बुडवून गाव झोपलं होतं. त्यानंतर तिनं माळवदाखाली, म्हणजे घराच्या मातीच्या छताखाली, पाठ टेकवली नाही, अंगणात बाज टाकली, हे तू एका ओळीत उरकलंयस. त्याला पानभर दे. बाज कुठं असायची, पावसात काय करायची, तिच्याजवळ कोण निजायचं?

आणि ती अंधारातली गोष्ट लिहू नकोस. काय होती हे तू मलाही सांगितलं नाहीस, ते बरोबरच केलंस. जे ती ओट्यावर बसून सांगायची, ते सगळ्या भावकीचं. जे दिवा मालवून सांगितलं, ते तुझ्यापाशी ठेवायला दिलं होतं. काकांना जी खडी लपवायची आहे ती ओट्यावरची होती, एवढा फरक त्यांनाही सांग.

पुस्तिकेत "प्रेमळ, कष्टाळू, धर्मपरायण" असे शब्द घालू नकोस गं. ते कुणाच्याही आजीला बसतात. वर्षश्राद्धापर्यंत काम पुरं झालं नाही तरी चालेल. त्याच महिन्यात येळवस आहे, म्हणजे शेतात साजरी होणारी वेळ अमावस्या. कडब्याची कोप घातली, पाच पांडव मांडले, भज्जी, आंबील आणि उंडे निघाले की शेतात बसलेल्या म्हाताऱ्या आपोआप बोलू लागतात. "ती कशी होती?" असं विचारलंस तर "लई चांगली होती" एवढंच मिळेल. "आंबिलीला ताक किती घालायची?" असं विचार. त्यावरून भांडण लागेल, आणि भांडणातून ती दिसेल. कोण काय बोललं, त्यापुढं त्या बाईचं नाव आणि गाव लिहीत जा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी जात्यावरच्या लाखभर ओव्या जमवल्या, त्या गाणारीच्या नावागावासकट.

तुझ्या फोनमध्ये तिची चाळीस सेकंदांची ओवी आहे म्हणतेस. ती आज रात्रीच दुसऱ्या दोन फोनांवर घेऊन ठेव. आणि तिची धाकटी जाऊ अजून आहे, तिला ऐकू कमी येतं, असंही लिहिलंयस. तिच्याकडे येत्या रविवारीच जा. जवळ बस आणि जरा मोठ्यानं बोल.

तुझी,
ताई