शाळेचा बाँड आणि आपलं मत

निवडणूक जवळ आली की कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांमधून मला दरवेळी तेच प्रश्न येतात. गैरसमजही तेच. शाळेचा बाँड म्हणजे इमारतींसाठी स्कूल डिस्ट्रिक्टने (स्थानिक सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेने) मतदारांच्या मंजुरीने काढलेलं कर्ज, ते आपल्या प्रॉपर्टी टॅक्समधून फिटतं. म्हणून यंदा एकत्रच उत्तरं देतो.

ग्रीन कार्ड आहे, मुलं इथल्याच शाळेत आहेत, प्रॉपर्टी टॅक्सही भरतो. बाँडवर मत देता येईल का?

नाही. सॅन फ्रान्सिस्कोत नागरिक नसलेल्या पालकांना स्कूल बोर्डासाठी मत देता येतं, पण फक्त तेवढंच, बाँडसाठी नाही. डीएमव्हीच्या (ड्रायव्हिंग लायसन्स देणाऱ्या कार्यालयाच्या) फॉर्मवर मतदार नोंदणीच्या जागी चुकून नागरिक असल्याची खूण झाली असेल, तर मित्रांना विचारत बसू नका. आजच इमिग्रेशन वकील गाठा.

मंजुरीला 55 टक्के मतं लागतात की दोन तृतीयांश?

आधी कागदावर 'बाँड' आहे की 'पार्सल टॅक्स' (किमतीवर नाही, तर प्रत्येक मालमत्तेवर लागणारा कर) ते वाचा. पार्सल टॅक्सला दोन तृतीयांश लागतात. बाँडलाही पूर्वी तेवढीच लागायची. नोव्हेंबर 2000 च्या प्रपोझिशन 39 ने (राज्यभरच्या मतदारांनी मंजूर केलेल्या प्रस्तावाने) 55 टक्क्यांची वाट उघडली, पण अटी घालून: कामांची यादी आधी जाहीर हवी, दरवर्षी ऑडिट हवं, नागरिकांची देखरेख समिती हवी. शिक्षकांचे पगार यातून देता येत नाहीत. 'पगार वाढतील, हो म्हणा' असं कुणी दारात येऊन सांगितलं तर त्याला हेच ऐकवा.

बाँडच्या प्रचारपत्रकात लिहिलंय, 'दर लाखाला फक्त 60 डॉलर, कराचा दर वाढणार नाही.' मग हरकत काय?

बसा, याला वेळ लागेल. युनिफाइड डिस्ट्रिक्टसाठी (प्राथमिकपासून बारावीपर्यंतच्या शाळा एकत्र चालवणाऱ्या) 55 टक्क्यांच्या एका बाँडला लाखामागे वर्षाला 60 डॉलर ही कायद्याची मर्यादा आहे, आणि हिशेब असेस्ड व्हॅल्यूवर (करासाठी काउंटीकडे नोंदलेल्या घराच्या किमतीवर) होतो, बाजारभावावर नाही. नोंद 12 लाखांची असेल तर 720 डॉलर. आणि ही मर्यादा एकेका बाँडची आहे. जुने दोन चालू असतील तर ते बिलात आधीच बसलेले असतात. 'दर वाढणार नाही' म्हणजे बहुतेकदा एवढंच की जुना बाँड फिटला, त्याच्या जागी नवा आला. नाहीतर तुमचं बिल उतरलं असतं, हे पत्रकात कुणी छापत नाही.

पण माझी खरी काळजी व्याजाची आहे. सॅन डिएगोजवळच्या पॉवे स्कूल डिस्ट्रिक्टने 2011 मध्ये बाँड विकून 10.5 कोटी डॉलर उचलले. पहिली 20 वर्षं हप्ता नाही, मग व्याजावर व्याज. एकूण परतफेड जवळजवळ 100 कोटींची. मतदारांना दर वाढणार नाही असंच सांगितलं होतं, आणि तेव्हा तो वाढलाही नाही! आज पहिलीत असलेलं पोर मोठं होऊन तिथे घर घेईल, तेव्हा ते फेडेल. यावर ओरड झाली आणि 2013 च्या कायद्याने अशा कर्जांना 25 वर्षांची मुदत आणि मुद्दलाच्या चौपट परतफेडीची मर्यादा घातली. चौपट! ही सवलत म्हणायची की काय, तुम्हीच ठरवा.

म्हणून लाखामागचा आकडा बाजूला ठेवा आणि मतदार पुस्तिकेतलं टॅक्स रेट स्टेटमेंट काढा. मुद्दल आणि व्याज मिळून एकूण परतफेडीचा अंदाज त्यात असतो. सोबत मोहिमेच्या देणगीदारांची यादी पाहा. बाँड विकणाऱ्या आणि शाळा बांधणाऱ्या कंपन्या तिथे दिसल्या तर दचकू नका, पत्रकाची भाषा कुठून आली ते कळेल. तुमच्या बिलाचा नेमका आकडा काउंटीच्या कार्यालयात विचारा, आयकरातल्या वजावटीचं सीपीएला (कर सल्लागाराला). व्हॉट्सॲपवरच्या काकांना नको.

2024 मध्ये राज्याने शाळांना 1,000 कोटी डॉलर दिले ना? मग पुन्हा आमच्याकडे कशाला?

प्रपोझिशन 2 ने तेवढं कर्ज काढायला मंजुरी मिळाली. त्यातले 850 कोटी बारावीपर्यंतच्या शाळांसाठी आहेत. पण राज्य सगळा खर्च उचलत नाही, नव्या इमारतीचा साधारण निम्मा वाटा डिस्ट्रिक्टने आणायचा असतो. तो बहुधा स्थानिक बाँडमधूनच येतो.

मुलीची शाळा जुनी आहे. भूकंपाची भीती वाटते.

1933 च्या लाँग बीच भूकंपात शाळांच्या इमारती कोसळल्या. संध्याकाळ होती म्हणून वर्ग रिकामे होते. महिन्याभरात फील्ड ॲक्ट आला, तेव्हापासून सरकारी शाळेचा आराखडा राज्याकडून तपासून घ्यावाच लागतो. तुमच्या इमारतीची कागदपत्रं डिस्ट्रिक्टकडे लेखी मागा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. फोटो पाठवून मला विचारू नका.

भाड्याने राहतो. मला मत आहे का?

नागरिक असाल आणि नोंदणी केली असेल, तर आहे. निवडणुकीच्या 15 दिवस आधीपर्यंत नोंदणी करा. त्यानंतरही प्रत्यक्ष जाऊन करता येते, पण मग रांगेत उभं राहून मला फोन करू नका.