बाबा कॅमेऱ्यावर टॉवेल टाकतात

“मॅडम, बाबा कॅमेऱ्यावर टॉवेल टाकतात. मी इथून त्यांच्याकडे लक्ष तरी कसं ठेवू?” बंगळुरूहून बोलणाऱ्या मुलाचा आवाज रडवेला झाला होता. आई गेल्यावर मिरजेच्या घरात ७५ वर्षांचे बाबा एकटेच. मुलाने हॉलमध्ये कॅमेरा लावला, पडल्यावर इशारा देणारं घड्याळ दिलं, बीपीचं मशीन मोबाइलला जोडलं. हीच तक्रार घेऊन बरेच जण येतात, म्हणून दोघांना विचारून, ओळख बदलून लिहिते आहे.

बाबांशी मी वेगळं बोलले. “उन्हाळ्यात उघडा बसलो की पोराचा फोन येतो, ‘बाबा, सदरा घाला.’ घर माझंच आहे ना?” मग हळूच म्हणाले, “बीपी जरा वाढलं की ‘काय खाल्लंत?’ त्या धास्तीने मी पुन्हा मोजतो.” दिवसातून आठ-दहा वेळा, जिना चढून आल्या आल्यासुद्धा. अशाने आकडा चढणारच. त्यांच्या डॉक्टरांनी नीट समजावलं: पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसायचं, दंड छातीच्या पातळीत ठेवायचा, बोलायचं नाही, मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजायचं. घरच्या नोंदींची सरासरी १३५/८५ च्या वर राहू लागली तर दाखवायला यायचं. एका आकड्यावरून गोळी वाढवायची नाही.

मुलाला मी एवढंच विचारलं, “रात्री दोनला बाबा पडले, तुमचा फोन वाजला. मग दार कोण उघडणार?” शेजारच्या काकूंचा नंबरही त्याच्याकडे नव्हता. मला सगळ्यात जास्त हेच खुपलं. मुलाची माया खरी होती, पण सगळी व्यवस्था त्याची स्वतःची धाकधूक कमी करण्यापुरती झाली होती.

कॅमेरा काढला. तो निर्णय बाबांचा. घड्याळाचा इशारा आता आधी काकूंना जातो, घराची किल्ली त्यांच्याकडे आहे, मुलगा त्यानंतर. १०८ हा नंबर भिंतीवर ठळक लिहिलाय. बीपी बाबा स्वतः वहीत लिहितात आणि रविवारी पानाचा फोटो पाठवतात.

घड्याळ मात्र आंघोळीआधी काढून ठेवतात, आणि घसरण्याची भीती तिथेच जास्त. त्यावर आमचं बोलणं अजून चालू आहे. तोवर न्हाणीघरात धरायला दांडा बसवलाय, आणि खाली पडलेल्या माणसाच्या हाताला लागेल इतकी खालपर्यंत घंटीची दोरी सोडली आहे.