मध्ययुगीन युरोपात चर्चच्या वस्त्रांवर सोन्याच्या धाग्याने भरतकाम व्हायचं, ते आपल्या जरदोजीसारखंच होतं का?

धागा जवळपास तोच, टाका मात्र वेगळा. मी बरीच वर्षं जरीचं काम करते, म्हणून आधी धाग्याचं सांगते. सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीची बारीक पट्टी रेशमी दोऱ्यावर गुंडाळायची, की झाली कलाबतू. तेराव्या-चौदाव्या शतकात लंडनचे कारागीर हाच धागा वापरत. त्यांच्या कामाला युरोपभर 'ओपस अँग्लिकानम', म्हणजे 'इंग्रजी काम', म्हणत.

जरदोजीत कलाबतू कापडावर ठेवून वरून बारीक दोऱ्याने टाचतात. इंग्लंडमध्येही आधी तसंच होतं. राणी एल्फ्लेडने बिशप फ्रिथस्टनसाठी 909 ते 916 च्या दरम्यान करवून घेतलेला स्टोल, म्हणजे धर्मगुरूंच्या गळ्यातला लांब पट्टा, पुढे डरहॅमला संत कथबर्टच्या शवपेटीत सापडला. त्यावरचं सोनं वरूनच टाचलेलं आहे.

पुढे इंग्रज कारागिरांनी जो टाका मुरवला, तो मला थक्क करतो. लिननचा दोरा मागून वर आणायचा, सोन्याच्या धाग्याला वळसा घालून त्याच छिद्रातून खाली न्यायचा आणि बेताने ओढायचा. सोन्याचा इवलासा फास कापडाच्या मागे उतरतो. वर दोरा दिसतच नाही, नुसतं सोनं दिसतं. मी जाड लिननवर करून पाहिलं: दोन इंचांच्या चौकोनाला तीन संध्याकाळी लागल्या. पण तो तुकडा बोटांवर टाकला की अलगद वाकतो, कारण प्रत्येक छिद्रापाशी जणू बिजागरी असते. वरून टाचलेलं भरगच्च काम असं वाकत नाही. धर्मगुरूंच्या अर्धगोल झग्याला, म्हणजे कोपला, खांद्यावरून चुण्या पडायला हव्यात, तिथे हाच गुण कामी येतो.

चेहरे मात्र रेशमाचे. आधीच्या टाक्याचा धागा सुईने मधोमध दुभंगून पुढचा टाका घ्यायचा, आणि गालावर गोल गोल फिरत जायचं. त्यामुळे उजेडात गाल फुगीर वाटतो.

1246 मध्ये पोप चौथे इनोसंट यांनी असं काम पाहून इंग्लंडच्या मठाधिपतींकडे ते मागवलं, असं मॅथ्यू पॅरिस या भिक्षूने लिहून ठेवलंय. 1295 च्या पोपच्या खजिन्याच्या यादीत अशा शंभरावर वस्तू आहेत. 1348 च्या प्लेगनंतर हे वेळखाऊ काम मागे पडत गेलं.

पंधराव्या शतकात फ्लँडर्सची शैली पुढे आली. तिथे सोन्याचे धागे आडवे, सलग अंथरून त्यांवर रंगीत रेशमाचे टाके घेत: सावलीला दाट, उजेडाला विरळ. फोटोत वस्त्राची फक्त पुढची बाजू दिसत असली, तरी काम कोणतं ते ओळखता येतं. सोन्यावर रंगीत टाके दिसले तर ही पद्धत. टाचणारा दोरा कुठेच न दिसता सोन्यात नागमोडी नक्षी उमटली असेल, तर इंग्रजी काम. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधल्या सायन कोपचा फोटो मोठा करून बघा. तिथे संतांच्या मागची रेशमी जमीनसुद्धा याच टाक्याने भरली आहे.