ग्वाल्हेरची चुकलेली तिकिटं जमवणार असशील तर

चुकलेल्या, म्हणजे छपाईत चूक राहिलेल्या टपाल तिकिटांची हौस आहे ना, मग परदेशातलं नंतर बघ, आधी आपल्या ग्वाल्हेरची घे. 1885 पासून ब्रिटिश हिंदुस्थानच्या तिकिटांवर संस्थानाचं नाव इंग्रजी-हिंदीत छापून ती इथे वापरत. गंमत सगळी त्या वरच्या छापात आहे. कुठे इंग्रजी नावात ‘ओ’च्या जागी ‘सी’चा छपाईचा खिळा बसलाय, कुठे हिंदीतली शेवटची दोन अक्षरं मागेपुढे झालीत. सुरुवातीच्या छापात हिंदी नाव कधी जरा आखूड, कधी जरा लांब. ही चूक नव्हे, हा छापाचाच वेगळा प्रकार. पण भावात फरक पडतो, म्हणून बारीक पट्टी जवळ ठेव.

नकली छाप मारणारे खूप आहेत. साधं तिकीट स्वस्तात घ्यायचं, वर नाव ठोकायचं, की झालं! भिंगाखाली बघ: नाव टपालाच्या शिक्क्यावर चढलेलं दिसलं, तर सरळ परत कर. आधी छाप, मग शिक्का, हाच क्रम असतो. उन्हात रंग उडालेलं तिकीट ‘रंगचूक’, म्हणजे छापतानाच रंग चुकलेलं, म्हणून गळ्यात मारतात, तेही घेऊ नकोस. अर्धवट किंवा तिरका छाप दिसला म्हणून लगेच हुरळू नकोस. तसले बरेच निघतात.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एखाद्या जुन्या मराठी घरात पत्रांचं गाठोडं निघालं, तर तिकीट पाण्यात भिजवून सोडवू नकोस बाबा. पाकिटासकटच ठेव. तारखेचा शिक्का आणि पत्ता असला की तज्ज्ञाला खरंखोटं ठरवणं सोपं जातं, आणि किंमतही बहुधा जास्त येते.